वीस एकरांत गल्ल्यांची वस्ती कशी बसवावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या दक्षिणेला, शहराच्या हद्दीला लागून, भावकीची मिळून २० एकर जमीन आहे. खातेदार नऊ. चुलत्यांना दोन-दोन गुंठ्यांचे एन.ए. प्लॉट पाडून मोकळं व्हायचंय, तर एक बिल्डर अकरा मजली इमारतींची चित्रं दाखवून गेलाय. तुम्ही सिव्हिल इंजिनिअर आहात. तुम्हाला तिथं दाट पण राहण्याजोगी, रोजची कामं पायी उरकता येतील अशी, पाणी जपणारी वस्ती हवी आहे. असं काही आपल्याएवढ्या शहरात जमतं का, आणि जमत असेल तर सुरुवात कुठून करायची?

जमतं. मी सत्तावीस वर्षं कोल्हापूर-सांगली पट्ट्यात लेआऊट आणि घरं आखतोय. काही चांगली झाली, काहींच्या चुका आजही रस्त्यानं जाताना दिसतात. त्या चुकांमधून शिकलेली पहिली गोष्ट म्हणजे घरांचे नकाशे आत्ता बाजूला ठेवा. आधी बांधावरून फिरा. वस्ती दाट होणार की नुसती गर्दी होणार, हे तुमच्या जमिनीच्या चार कडांवर ठरतं.

का ते सांगतो. अकरा-बारा वर्षांपूर्वी मी सहा एकरांचा एक लेआऊट आखला होता. आतले रस्ते नीट होते, झाडं लावली, खुली जागाही सोडली. पूर्वेच्या बांधाला एक रस्ता नेऊन थांबवला, कारण पलीकडं तेव्हा ऊस होता. मालकानं त्या टोकाला एक फुटाची पट्टी स्वतःच्या नावावर राखून ठेवली. पुढं शेजाऱ्यानं जमीन विकली की रस्त्यासाठी त्याला आपल्याकडं यावं लागेल, मग बोलता येईल, असा हिशोब. मी विरोध केला नाही. पुढं शेजारीही लेआऊट झाला आणि त्यांनी सरळ भिंत घातली. त्या भिंतीपलीकडं आज मराठी शाळा आहे. घरातून तिची घंटा ऐकू येते आणि मुलं दीड किलोमीटरचा वळसा घालून, मोठा रस्ता ओलांडून जातात. म्हणजे जात नाहीत, त्यांना गाडीवरून सोडावं लागतं. एक फूट जमिनीनं शंभरेक घरांच्या दारात रोज दोन फेऱ्यांचं पेट्रोल आणून ठेवलं.

शहराभोवतालची आपली वाढ बघा. पाचगाव, कळंबा, उचगाव, कुठंही जा. दोन एकर, तीन एकर, पाच एकर, असे तुकडे एकेकटे मंजूर होतात. प्रत्येकाचा रस्ता मुख्य रस्त्याला लागतो, एकमेकांना लागत नाही. कागदावर अशा भागात माणसं बऱ्यापैकी असतात, पण महापालिकेच्या केएमटीची बस आत वळवायला सलग रस्ता नसतो. दुकान चालायला जी माणसं लागतात ती भिंतीपलीकडं असतात. म्हणून तुमच्या आराखड्यातली पहिली रेघ ही शेजाऱ्याच्या बांधापर्यंत, त्याच्या शेवटच्या इंचापर्यंत जाणारी असावी. चारही बाजूंना किमान दोन-दोन ठिकाणी. पट्टी राखायची नाही, हे नऊही खातेदारांकडून आजच लिहून घ्या.

आता माणसं किती, ते बघू. इथं भीती जास्त आणि गणित कमी केलं जातं.

२० एकर म्हणजे ८ हेक्टरांहून किंचित जास्त, आपल्या भाषेत ८०० गुंठे. रस्त्यांना साधारण २५ टक्के, खुल्या जागेला १० टक्के, सुविधांसाठी ५ टक्के धरले तर हातात ४८० गुंठे उरतात. चुलत्यांच्या पद्धतीनं दोन-दोन गुंठ्यांचे २४० प्लॉट. सगळे भरले आणि प्रत्येकावर एकच कुटुंब राहिलं तर हजारेक माणसं, म्हणजे हेक्टरी सव्वाशे. पण सगळे भरत नाहीत. माझा अनुभव असा की गुंतवणुकीसाठी घेतलेल्या प्लॉटांमुळे पहिली आठ-दहा वर्षं निम्मा लेआऊट गाजर गवताचा असतो. कोल्हापूर शहराची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या ५,४९,२३६ आणि क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर, म्हणजे सरासरी हेक्टरी ८२ माणसं. ही सरासरी शहराच्या हद्दीतली शेतं आणि मोकळ्या जमिनी धरून आहे. जुन्या पेठांत ती कितीतरी जास्त भरते.

मी तुमच्यासाठी हेक्टरी २८० ते ३०० धरीन. म्हणजे सुमारे २,३०० माणसं, साडेपाचशे कुटुंबं. एवढी माणसं असली की दोन किराणा दुकानं, एक डॉक्टर, एक औषधाचं दुकान, पिठाची गिरणी, इस्त्रीवाला, भाजीच्या चार-पाच पाट्या गिऱ्हाइकाच्या जोरावर टिकतात. अंगणवाडीच्या निकषानं ४०० ते ८०० लोकसंख्येला एक केंद्र, म्हणजे तीन होतील. याहून कमी माणसं असली तर दुकान उघडतं आणि वर्षाच्या आत बंद पडतं. मग कोथिंबिरीच्या जुडीसाठी गाडी काढावी लागते.

आणि हे सगळं चार मजल्यांच्या आत बसतं. टॉवरची गरज नाही, हे बिल्डरला सांगताना दबून बोलू नका. इमारत उंच झाली की भोवती सोडायचं अंतर वाढतं, अग्निशमनाच्या अटी वाढतात, लिफ्ट आणि जनरेटर आलेच, आणि गाड्यांसाठी खालचा मजला जातो. वर मिळवलेलं बरंचसं खाली सोडावं लागतं. महिन्याचा मेंटेनन्स गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत काम करणाऱ्याला झेपत नाही, आणि तुमच्या बाजूला भाड्यानं किंवा कर्ज काढून राहायला येणारा माणूस नेमका तोच आहे.

दोन गुंठ्यांच्या बंगली प्लॉटवर मात्र माझा राग आहे, तो आकड्यांतूनच आलाय. प्लॉट १२ बाय १६.८ मीटर धरा. दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर सोडलं की घराच्या अंगाला दोन बोळ तयार होतात. मिळून ५० चौरस मीटर. तिथं ऊन पोचत नाही, माणूस उभा राहत नाही, शिडी, मोडकी खुर्ची आणि ड्रेनेजचं झाकण एवढंच असतं. २४० प्लॉटांचे हे बोळ एकत्र केले तर १२,००० चौरस मीटर होतात, म्हणजे जवळजवळ तीन एकर. वीसपैकी तीन एकर तुम्ही पाल आणि उंदरांना देताय.

त्यापेक्षा एक गुंठ्याचा प्लॉट करा, ६ मीटर रुंद, १६.८ मीटर खोल, आणि घरं भिंतीला भिंत लावून. नियमावलीत रो-हाऊसची तरतूद आहे. राज्यातल्या बहुतेक शहरांना आता २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यातली सध्याची मापं नगररचना कार्यालयात बसून एकदा प्लॉटवार तपासून घ्या. पुढं तीन मीटरचं अंगण, मागं तीन-साडेतीन मीटरचं परसू, मध्ये साडेदहा मीटर खोल घर. खोली जास्त वाटते, म्हणून मध्यभागी दीड बाय दोनचा एक चौक उघडा ठेवायचा. वाड्यातल्या चौकासारखाच, फक्त लहान. त्यातून उजेडही येतो आणि गरम हवा वर निघून जाते. जिना पुढच्या बाजूनं, घरात न शिरता वर जाणारा. आपल्याकडं थोरला खाली आणि धाकटा वर राहतो, किंवा वरचा मजला भाड्यानं जातो. जिना आत असला की दोन्ही अवघड होतं. हा एक जिना बदलल्यानं एका प्लॉटवर एकाऐवजी दोन चुली सुखानं पेटतात, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय.

माझी वाटणी अशी होईल: एक गुंठ्याचे २०० प्लॉट, दोन गुंठ्यांचे ७० (चुलत्यांचा मानही राहील आणि मोठ्या कुटुंबांची सोयही होईल), आणि ८० गुंठ्यांवर तळमजला अधिक तीन अशा इमारती, त्यात दीडशेच्या आसपास लहान फ्लॅट. प्लॉटवाल्या घरांत सरासरी दीड कुटुंब धरलं की बेरीज साडेपाचशेच्या वर जाते. यात ४२० गुंठे जातात. उरलेले ६० गुंठे कशासाठी, ते पुढं येतं.

आता गल्ली. यासाठी परदेशी पुस्तकं नंतर वाचा, आधी राजारामपुरीत एक सकाळ घालवा. मधला मोठा रस्ता दुकानांचा आणि त्याला फुटलेल्या क्रमांकांच्या गल्ल्या राहण्याच्या. पत्ता सांगायला गल्लीचा आकडा पुरतो. नवख्या माणसालाही कळतं की वर्दळ कुठं आणि शांतता कुठं. गल्लीतून निघालं की दोन मिनिटांत बाजार. शाहूपुरी ही त्याहून जुनी, शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी वसवलेली. धंदा आणि घर एकाच वस्तीत बसवायचा विचार या गावात तेव्हाच झाला होता. हे आखणीचं ज्ञान आपल्याच घरात आहे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपण ते वापरायचं सोडलं.

तुमच्या जमिनीवर ते असं उतरेल. जमीन ढोबळमानानं २८५ मीटरचा चौकोन धरतो. मधून उत्तर-दक्षिण १५ मीटरचा एक रस्ता, तो दोन्ही टोकांना शेजाऱ्याच्या बांधापर्यंत जाईल असा. त्यावर खाली दुकानं, वर घरं. त्याला पूर्व-पश्चिम ९ मीटरच्या सहा गल्ल्या. दोन प्लॉटांची खोली आणि एक गल्ली मिळून साडेबेचाळीस मीटर होतात, ते या चौकोनात चपखल बसतं. मोठ्या रस्त्यापासून गल्लीचं टोक १३५ मीटर. सगळ्या रस्त्यांचं क्षेत्र काढलं तर २० हजार चौरस मीटरच्या आत राहतं, म्हणजे आपण धरलेल्या २५ टक्क्यांत. प्रत्येक गल्लीच्या मध्यावर तीन मीटरची पायवाट पुढच्या गल्लीत काढायची. ही पायवाट वाचवून अर्धा प्लॉट वाढवायचा मोह सगळ्यांना होतो. करू नका. म्हातारी माणसं आणि मुलं याच वाटेनं फिरतात.

गल्ल्या पूर्व-पश्चिम का, तर घरांची तोंडं उत्तरेला आणि दक्षिणेला होतात. दक्षिणेचं ऊन छज्जानं अडतं, पश्चिमेचं मात्र कशानंही अडत नाही. गल्लीच्या पश्चिम टोकाच्या घराला तेवढं जपा, पावसाचा मारा आणि दुपारचं ऊन दोन्ही त्याच भिंतीवर येतं. उन्हाळ्यातला संध्याकाळचा वारा पश्चिमेकडूनच येतो, तो गल्लीभर खेळतो.

झाडं एका बाजूला, आठ-आठ मीटरवर. करंज लावा, सावली दाट आणि मुळं समजूतदार. मोठ्या रस्त्याला कडुलिंब, जांभूळ, कुठंकुठं ताम्हण आणि बहावा. गुलमोहर नको, वळवाच्या वाऱ्यात त्याच्या फांद्या मोडून खालच्या गाड्यांवर पडतात. कंपाउंडची भिंत तीन फुटांच्या वर जाऊ देऊ नका, आणि ही अट खरेदीखतात घाला. सहा फुटी भिंतींमधली गल्ली रात्री आठनंतर बाईमाणसाला भीतीची वाटते. तीन फुटी भिंतीमागं कट्ट्यावर कुणी बसलेलं असतं, स्वयंपाकघराची खिडकी उघडी असते, तीच गल्ली रात्री अकरालाही आपली वाटते. मुली क्लासहून एकट्या चालत येतात की कुणीतरी आणायला जावं लागतं, हे अशा भिंतींवर अवलंबून असतं.

तुमचं सगळ्यात मोठं भांडण गाड्यांवरून होणार आहे, त्याची तयारी ठेवा. आज राजारामपुरीच्याच गल्ल्या बघा. जुने बंगले जाऊन अपार्टमेंट आली, खालचा मजला खांबांवर उभा राहिला. जिथं ओटा होता तिथं शटर किंवा अंधारा पार्किंगचा मजला आला, आणि तरीही गाड्या पुरेनाशा होऊन गल्लीत आल्या. दाट वस्ती बिघडते ती बहुतेक अशी, तळमजल्यावरून.

जर्मनीतलं फ्रायबुर्ग हे आपल्यासारखंच मध्यम शहर, लोकवस्ती कोल्हापूरच्या निम्म्यापेक्षाही कमी. फ्रेंच सैन्यानं १९९२ मध्ये रिकाम्या केलेल्या छावणीच्या जागेवर तिथं फोबान ही वस्ती उभी राहिली. सुमारे ३८ हेक्टर, पाच-साडेपाच हजार माणसं, घरं बहुतेक चार-पाच मजली. तिथं राहणाऱ्यांच्या गाड्या कडेच्या सामाईक इमारतींत ठेवायच्या, जागा हवी तर वेगळे पैसे मोजून घ्यायची, आणि घरापुढच्या गल्लीत गाडी फक्त सामान उतरवण्यापुरती. ट्राम २००६ मध्ये वस्तीत आली. तिथून उचलण्यासारखी गोष्ट एकच आहे: घराची किंमत वेगळी आणि गाडीच्या जागेची किंमत वेगळी. बाकी तिथली थंडी, तिथला पगार, तिथली ट्राम आपल्याकडं नाही, त्यामुळं सगळं जसंच्या तसं आणू नका.

आपल्याकडं दुचाकी घराच्या अंगणातच राहील, ती हलवायला जाऊ नका. चारचाकीसाठी उरलेल्या ६० पैकी २५ गुंठे मुख्य रस्त्याच्या तोंडाशी ठेवा. एका गाडीला येण्याजाण्याच्या जागेसकट २५ चौरस मीटर लागतात, म्हणजे २०० गाड्यांना ५,००० चौरस मीटर. दोन मजल्यांत ते २५ गुंठ्यांत बसतं. रस्त्याकडच्या अंगाला दुकानांची एक ओळ काढा, म्हणजे ती इमारत मुकी दिसणार नाही. चुलते म्हणतील, "गाडी दारात नाही तर घर कोण घेणार?" त्यांना टोकाच्या घरापासून चालायला लावा. पाच मिनिटं लागतात. नियमानं प्रत्येक इमारतीला लागणारं पार्किंग असं एकत्र दाखवता येईल का, हे मंजुरीआधी लेखी विचारून घ्या. उत्तर 'नाही' असं आलं तर निदान फ्लॅटच्या इमारतींत तळमजल्याची रस्त्याकडची एक खोली तरी राहती ठेवा आणि गाड्या मागं न्या.

पाण्याकडं येतो. कोल्हापूरच्या माणसानं वस्ती आखताना यावर घाई करणं मला सहन होत नाही.

२००५, २०१९, २०२१. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या पोरालाही पाठ आहे. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला त्याहून थोडं जास्त. सुतारवाड्यातली कुटुंबं दर पावसाळ्यात बोचकी बांधून तयार असतात. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्ती ऐन रंगकामाच्या वेळी पाण्यात गेल्या. तुम्ही म्हणाल, आमची जमीन उंचावर, दक्षिणेला, पूररेषेपासून लांब. निळी रेषा पंचवीस वर्षांतल्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या, दोन्हींच्या बाहेर तुम्ही आहात, हे खरं. पण कळंबा-कात्यायनीच्या बाजूचं पाणी जयंती नाल्यातून शहराच्या पोटातून खाली जातं. तुमच्या उसाच्या रानात आज जे पाणी मुरतं, तिथं उद्या पेव्हिंग ब्लॉक आले की ते अर्ध्या तासात नाल्यात असेल. पंचगंगा फुगलेली असताना नाल्याचं पाणी नदीत शिरत नाही, मागं फिरतं. तुम्ही उंचावर कोरडे राहून खालच्याच्या घरात पाणी घालाल.

हिशोब करा. दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर तुमच्या २० एकरांवर ८,००० घनमीटर, म्हणजे ८० लाख लिटर पाणी पडतं. बांधकाम झाल्यावर त्यातलं ६० टक्के जरी वाहिलं तरी ४८ लाख लिटर. खुल्या जागेचे १० टक्के म्हणजे ८० गुंठे आहेत. ती जागा तुकड्यातुकड्यांनी उरलेल्या कोपऱ्यांत ढकलू नका, उताराच्या खालच्या बाजूला सलग ठेवा आणि फूटभर खोल करा. त्यात २४ लाख लिटर पाणी थांबतं, निम्मं. ते दोन दिवसांत हळूहळू सोडायला खाली एक लहान पाईप. बाकी वर्षभर ते फुटबॉलचं मैदान. आपल्याकडचा फुटबॉलचा हंगाम हिवाळा-उन्हाळ्याचा, पावसाळ्यात मैदान तसंही मोकळं असतं. गल्लीच्या झाडांच्या ओळीत सिमेंटच्या गटाराऐवजी उथळ चर काढा, तळाला दगडगोटे. काळी माती असेल तर ती चरात पाणी धरून ठेवते आणि फुगते, म्हणून चर घराच्या पायापासून लांब ठेवा आणि मुरूम लागेपर्यंत खणा.

छतावरच्या पाण्याबद्दल लोकांच्या फार आशा असतात. १०० चौरस मीटर छतावर वर्षाला मीटरभर पाऊस धरला तर गळती-बाष्प जाऊन ८० हजार लिटर मिळतात. माणशी रोज १३५ लिटर या मापानं एका कुटुंबाची वर्षाची गरज दोन लाखांच्या वर आहे. शिवाय हा पाऊस चार महिन्यांत येतो आणि दाट वस्तीत एका छताखाली दोन कुटुंबं असतात. तेव्हा छताच्या पाण्यावर वस्ती जगेल, असं कुणाला सांगू नका. ते विहिरीत आणि बोअरच्या भोवती मुरवायला वापरा. पिण्याच्या पाण्याची लेखी हमी मिळाल्याशिवाय एकही प्लॉट विकू नका. काळम्मावाडी धरणाची थेट पाईपलाईन शहरापर्यंत आली, पण ती शहरासाठी आहे, आणि हद्दीबाहेरच्या उपनगरांत टँकर काय असतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

सांडपाणी रोज अडीच लाख लिटरच्या घरात निघेल. यासाठी मी विजेवर चालणारा मोठा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, सुचवत नाही. सोसायटीतली भांडणं सुरू झाली की सगळ्यात आधी त्याचं वीजबिल थांबतं, हे मी दोन ठिकाणी पाहिलंय. बंद टाक्यांत पहिली प्रक्रिया आणि मग कर्दळ-बोरू लावलेले खडीचे वाफे. नीट पूर्वप्रक्रिया असेल तर माणशी सुमारे एक चौरस मीटर जागा धरावी, म्हणजे २३ गुंठे. गाड्यांसाठी काढून उरलेल्या जागेत हे बसतं, आणि वर दहा-बारा गुंठे अडचणीला राहतात. निघालेलं पाणी झाडांना, मैदानाला आणि उरेल ते शेजारच्या उसाला. शेजारच्या शेतकऱ्याशी बोलायला हा एक चांगला विषय आहे.

छतांची उंची एका गल्लीत एकसारखी ठेवा. ३ किलोवॅटच्या सौर पॅनेलला सावलीविना २५-३० चौरस मीटर लागतात. २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत तेवढ्याला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. शेजाऱ्यानं मध्येच दोन मजले जास्त चढवले तर तुमचं छत वाया जातं.

सुविधांच्या ४० गुंठ्यांबद्दल एक विनंती. ही जागा पुढं मंगल कार्यालयाला भाड्यानं द्यायची टूम निघेल. तिथं अंगणवाड्या, वाचनालय, सकाळचा दूध कट्टा आणि तालीम ठेवा. तालीम हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. पेठेत तालीम म्हणजे नुसती व्यायामाची जागा नाही. फुटबॉलचा संघ तिथून निघतो, गणपती तिथं बसतो, कुणाच्या घरी मयत झाली तर तिरडी बांधायला पोरं तिथून येतात, आणि पूर आला की बोटीबरोबर हीच पोरं जातात. नव्या उपनगरांत फ्लॅट आहेत, तालीम नाही, म्हणून दहा वर्षं शेजारी राहून माणसं एकमेकांना गाडीच्या नंबरानं ओळखतात. मैदानाच्या कडेला दोन खोल्या आणि एक कट्टा पुरेसा आहे. बाकी पोरं करतील.

नऊ खातेदारांचा प्रश्न नाजूक आहे. रस्ता कुणाच्या गटातून जाणार, मैदान कुणाच्या वाट्याला येणार, यावर भावकी फुटते. त्याला उपाय एकच, सातबाऱ्यावरचे बांध काही काळ विसरायचे. सगळी जमीन एकत्र, सगळ्यांची कपात सारखी ४० टक्के, आणि उरलेल्या ६० टक्क्यांत ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे प्लॉट परत. दर्शनी प्लॉट आणि आतला प्लॉट यांतला किमतीचा फरक आधीच ठरवून पैशानं भरून काढायचा. यात नवं काही नाही. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून नगररचना योजना याच तत्त्वावर होतात. मुंबईतले सांताक्रूझ-विलेपार्ल्याचे आखीव रस्ते तिथूनच आले. आज १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात तीच सोय आहे. शेजारचे तीन-चार मालक तयार झाले आणि जमीन साठ-सत्तर एकरांवर गेली, तर शहराभोवतीच्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये झालेल्या विकास प्राधिकरणाकडं अशा योजनेची विचारणा जरूर करा. तेवढ्या जमिनीला बस मिळते, शाळा मिळते.

विक्री टप्प्यांनी करा, आणि मोठ्या रस्त्यावरचे प्लॉट सगळ्यात शेवटी. पहिल्याच वर्षी ते विकले की पैसा दिसतो, पण घेणारा तिथं पत्र्याचं शेड घालून वाट बघत बसतो आणि मागच्या गल्लीतल्या माणसाला पाच वर्षं साखर मिळत नाही. पहिल्या टप्प्यात दोनच गल्ल्या घ्या, पण त्या पूर्ण करा: पाणी, झाडं, दिवे, चर, पायवाट. पहिली वीस-पंचवीस घरं स्वतः बांधून द्या. भिंतीला भिंत लावून घर कसं असतं, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय आपला माणूस एक गुंठ्याचा प्लॉट घेत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

चुलते यातलं काहीच ऐकेनात आणि गुंठेवारीनं, म्हणजे मंजुरीविना गुंठ्यागुंठ्यांचे तुकडे पाडून, विकून मोकळं होऊ म्हणाले, तर त्यांना कागद दाखवा. गुंठेवारी नियमित करणारा कायदा २००१ चा, दुरुस्तीनंतर त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या तुकड्यांना आहे. आज पाडलेला तुकडा त्यात बसत नाही. घेणाऱ्याला कर्ज मिळणार नाही आणि शिव्या तुमच्या आडनावाला मिळतील.

आत्ता करायचं काम लहान आहे. पहिला जोराचा पाऊस लागेल त्या दिवशी घरी बसू नका. चुलत्यांपैकी जो रान सगळ्यात जास्त कसलाय त्याला बरोबर घ्या, एक घमेलंभर खुंट्या आणि चुना घ्या, आणि पाणी कुठून आत येतं, कुठं साचतं, कोणत्या बांधावरून बाहेर पडतं, तिथं तिथं खुंटी मारत फिरा. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बांधावर जाऊन, त्याला चहा पाजून, तुमच्या दोन गल्ल्या त्याच्या रानात कुठं निघतील ते दोघांनी मिळून पायांनी मोजा. त्या खुंट्यांची मापं आणि जमिनीच्या उंच-सखलपणाचा सर्व्हे माझ्याकडं पाठवा. गल्ल्यांची पहिली आखणी मी त्यावरच करून देईन.